पोरींचं काज उजव्या अंगाला

मे महिना निम्मा सरला की कात्रपमधल्या आमच्या बिल्डिंगखाली गणवेशाच्या दुकानापुढं रांग लागते. आया ओढण्या डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या, पोरं शेजारच्या गाडीवर बर्फाचा गोळा चोखतायत. दुकानदार नवा गठ्ठा सोडतो तेव्हा कोऱ्या कापडाच्या खळीचा वास जिन्यानं वर येतो, थेट माझ्या खाटेपर्यंत. लोकांना वैशाख म्हटलं की आंबा आठवतो, गाव आठवतं, लग्नाच्या पंगती आठवतात. मला खळ आठवते. खळ, मेणबत्तीचं मेण आणि शालनच्या बोटांना येणारा सुईचा वास. सुईला वास असतो. सुई धरणाऱ्या माणसाशेजारी ज्यानं संसार केला त्याला तो माहीत असतो.

शालन माझी बायको. गेल्या थंडीत गेली. हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

परवा सुनेनं नातीचा शाळेचा शर्ट आणला आणि खाटेवर टाकला. मी उठलो, मोरीवर गेलो, साबणानं हात धुतले, कोरडे केले आणि मग शर्ट उचलला. सून बघत होती.

"आबा, शर्ट आहे तो. ऑपरेशन नाही करायचंय."

पांढऱ्या कापडाला हात लावायच्या आधी हात धुवायचे हे अंगात मुरलंय, ते आता मेल्यावरच जाईल. शर्ट उलटा केला, पुढची पट्टी बोटावर ताणली आणि काजं बघितली. मशीनची. वरून गुळगुळीत, मागून नुसते पिंजलेले दोरे. दिवाळीपर्यंत टिकली तर नशीब. नात जवळ येऊन बसली. ती यंदा सहावीत जाईल. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

"आबा, बटणहोलला मराठीत काज का म्हणतात?"

या प्रश्नाचं उत्तर मला येतं. येतं म्हणूनच मी शर्टाची घडी घालायला लागलो. ते उत्तर मला जिथं मिळालं, त्या जागेवर परत जाऊन उभं राहायची माझी इच्छा नव्हती. पण तो वास आला की माणूस आपोआप तिथं जाऊन उभा राहतो. मग पोरीला टाळून काय उपयोग.

तेव्हा आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. ऐंशीनंतरची गोष्ट. एक खोली, वर पत्रा, पुढं हातभर ओटा आणि त्यापुढं गटार. होळी झाली की उल्हासनगरचे शिवणकामाचे कारखाने शाळेच्या गणवेशांमागं लागायचे. शर्ट मशीनवर शिवून व्हायचे, पण काजाची मशीनं तेव्हा थोडी आणि माल डोंगराएवढा. मग काजं आणि बटणं घरोघर बायांकडं यायची. पाड्यातल्या निम्म्या बायांच्या मांडीवर त्या दिवसांत पांढरा शर्ट असायचा. कुणाच्याही दारात डोकावलं तरी तेच. खाली घातलेलं जुनं धुतलेलं लुगडं, त्यावर शर्टांची चळत, चळतीमागं बाई, मान खाली.

पांढरा माल घरात असेपर्यंत आमच्यात आंबा घरात खायचा नाही, असा नियम होता. शालनचाच नियम, पण पुढं सगळ्या पाड्यानं तो उचलला. पोरं आंबा घेऊन गटाराच्या कडेला उकिडवी बसायची. कोपरापर्यंत रस, हनुवटीवर रस. खाणं झालं की शालन त्यांना दाराबाहेर थांबवायची, तांब्यानं हात धुवायची, मग एकेकाचा हात नाकाला लावून वास घ्यायची आणि मग आत सोडायची. थोरला एकदा म्हणाला, "आई, तू पोलीस आहेस काय?" ती म्हणाली, "पोलीस पैसं घेऊन सोडतो. मी सोडायची न्हाई."

पंखाही लावायचा नाही. पंखा लावला की कापलेल्या दोऱ्याची पिसं उडतात आणि कापडाला चिकटतात. पत्र्याखाली वैशाखात बिनपंख्याचं बसणं म्हणजे काय ते बसल्याशिवाय कळायचं नाही. ती कपाळाला पंच्याची पट्टी बांधायची, घाम गळून शर्टावर पडू नये म्हणून. पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून ठेवलेला, त्यावर बटणांच्या अंतराच्या खुणा. तो पुठ्ठा पट्टीवर ठेवायची, खडूनं बारीक ठिपके द्यायची, कापड दुमडून छोट्या कात्रीनं एक चीर मारायची. मग दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यायची आणि त्या चिरेच्या कडेकडेनं टाका घालत जायची. प्रत्येक टाक्याला दोरा सुईखालून फिरवून ओढायचा, म्हणजे कडेला बारीक गाठ बसते. गाठीला गाठ लागून भिंत झाली की चीर उसवत नाही. शेवटाला दोन आडवे टाके. झालं काज. सांगायला मला एवढा वेळ लागला, तिला त्याच्या निम्मासुद्धा लागायचा नाही.

तिला शाळा ठाऊक नव्हती. कुठल्या शाळेचा कुठला शर्ट हे मात्र ती कॉलरीवरून सांगायची. रस्त्यात पोरांची रांग दिसली की हळूच म्हणायची, "आपली निघाली बघा."

त्या साली माझ्या कंपनीला टाळं लागलं. मी लेथवर होतो. युनियन आणि मालकाचं वाजलं, गेट बंद झालं आणि आम्ही सगळे गेटासमोर मांडव घालून बसलो. पहिले काही दिवस घोषणा, भाषणं, मग नुसता चहा आणि पत्ते. हळूहळू मी मांडवात जाणं कमी केलं. घरी बसायला लागलो. घरी बसलेला पुरुष म्हणजे खोलीतला जास्तीचा पेटारा. येता-जाता सगळ्यांना लागतो. ओलांडून जातात, पण हलव म्हणून कुणी सांगत नाही.

शालननं सांगितलं. "बसून काय करता? गठ्ठा तरी पोचवा."

गठ्ठा म्हणजे चादरीत बांधलेले शर्ट. तो खांद्यावर घेऊन उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात कारखान्यावर द्यायचा आणि दुसरा आणायचा. एवढंच. पण मी गठ्ठ्याला हात लावला नाही.

हे आता नीट सांगतो, कारण आजच्या पोरांना ते उगाचच वाटेल. माझ्या बापानं गावाकडं दुसऱ्यांची ओझी वाहिली. गावात साहेब आला की त्याचं सामान आमच्या डोक्यावर, पाटलाकडं लग्न निघालं की सरपण आमच्या डोक्यावर. मजुरी नव्हती ती, बोलावणं आलं की जायचंच होतं. बाबासाहेबांच्या पाठोपाठ आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा बापानं ते ओझं खाली टाकलं आणि पुन्हा उचललं नाही, त्यापायी मारही खाल्ला. मी अंबरनाथला निघालो तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, मशीन चालव, झाडू मार, काय वाटेल ते कर, पण चारचौघांत डोक्यावर गाठोडं घेऊन हिंडताना मला दिसू नको. तो मरून कैक वर्षं झाली होती. तरी गाठोडं म्हटलं की मला वाटायचं, तो कोपऱ्यावर उभा आहे.

शालनला मी हे सांगितलं. ती सुई थांबवून म्हणाली, "त्ये वझं लोकांचं होतं. ह्ये आपलं हाये."

खरं होतं तिचं. पण खरं पटलं म्हणून लाज जात नाही. मी गठ्ठा घेतला, पण सरळ रस्त्यानं, कंपनीच्या गेटावरून गेलो नाही. नाल्याच्या कडेकडेनं, झोपड्यांच्या मागून, लांबचा वळसा घालून गेलो. वाटेत ओळखीचा भेटलाच तर सांगायचं ठरवून ठेवलं होतं की मेव्हण्यानं कापडाचं दुकान टाकलंय, त्याचा माल आहे. मला मेव्हणाच नव्हता. त्या सगळ्या उन्हाळ्यात मला एकच भीती होती. टाळं उघडेल की नाही याची नाही, पोरं काय खातील याची नाही. कंपनीतल्या कुणी मला बघितलं तर, याची.

मग शालनचं बोट सुजलं. सुई नखाखाली गेली होती. ती हळदीचा लेप लावून तशीच काजं करत होती. एका दुपारी ती दोरा आणायला बाजारात गेली आणि मी खोलीत एकटा. समोर शर्टांचा न सोडलेला गठ्ठा. मनात आलं, टाके आपल्याला जमणार नाहीत, पण चिरा मारून ठेवाव्या. तेवढाच तिचा हात वाचेल. लेथवर केसाएवढ्या मापात काम केलेला माणूस मी, कापडात चीर मारायला काय लागतं?

पण पुरुष माणूस काजाची कात्री घेऊन बसलाय हे कुणी बघितलं तर? मी उठलो आणि दार लावून घेतलं.

पत्र्याची खोली, दार बंद, आत अंधुक. पुठ्ठा सापडला. नमुना हवा म्हणून मी अंगातला शर्ट काढून समोर पसरला आणि त्याच्यासारखं कापत गेलो. डाव्या पट्टीवर ठिपका, दुमड, चीर. पुढचा शर्ट. हात बसत गेला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. किती दिवसांनी हातात हत्यार होतं आणि माप बरोबर येत होतं. घामानं डोळे चुरचुरत होते तरी मी थांबलो नाही. अख्खा गठ्ठा कापून काढला.

शालन आली. दार ढकललं, उजेड आत आला. तिनं वरचा शर्ट उचलला, खालचा उचलला, मग चळतीच्या मधला उपसून बघितला आणि पिशवीसकट खाली बसली.

"अवो, ह्ये पोरींचं हाये."

"मग?"

"मग काय मग? पोरींचं काज उजव्या अंगाला असतंय. पोरांचं डाव्या."

"कुणी ठरवलं असं?"

"कुणी ठरवलं त्ये मला काय ठाव? गठ्ठ्याला लाल चिंधी बांधली व्हती की. पोरींचा गठ्ठा हाये म्हणून. दिसली न्हाई?"

दिसली नव्हती. अंधारात लाल आणि काळं एकच. ती दाराकडं बघत राहिली.

"दार का लावलं व्हतं?"

"धूळ येत होती."

"धूळ," ती म्हणाली. बास, एवढंच. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या, फोरमनच्या, सावकाराच्या, पोलिसाच्या. त्या एका शब्दाएवढी एकही लागली नाही.

टाका चुकला तर उसवता येतो. चीर मिटवता येत नाही. तो गठ्ठा घेऊन आम्ही दोघं कारखान्यात गेलो. लांब गाळा, दोन्ही बाजूंना मशीनं, मशीनवर सगळे पुरुष. कारखान्याचा शेठ सिंधी, तोंडाला फटकळ पण हाताखालच्या बायांचं काम कधी अडवून न ठेवणारा. त्यानं दोन-चार शर्ट बघितले आणि कपाळावर हात मारला.

"अरे साईं, ये क्या कर दिया? छोकरी का माल, छोकरे की साइड से काट दिया! किसने काटा?"

शालन बोलायला गेली, त्याआधी मीच म्हटलं, "मैंने."

"तूने? आदमी होके घर में हाथ का काज?"

मशीनं थांबली. सगळी नाही, पण जवळची थांबली. मशीन चालवणारा पुरुष तो कारागीर, आणि हातानं काज करणारी ती घरातली बाई, असाच तिथला हिशेब. मशीनवरची पोरं माझ्याकडं बघून हसली. माझे कान तापले. शालन पुढं झाली आणि शेठला म्हणाली, "बाजू चुकली, शेठ. पन चीर बघा. एक तरी वाकडी हाये का? हात चांगला हाये त्यांचा."

गाळ्याच्या टोकाला कापायचं टेबल होतं. तिथं पेद्रू मास्तर उभा असायचा. गोव्याचा, म्हातारा, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यानं एक शर्ट उचलून उजेडाकडं धरला, उलटा केला, सुलटा केला.

"शेठ, कॉलर दोघांची सारखीच. डाव्या छातीवर खिसा लाव, झाला पोराचा शर्ट. पोरांचा माल पुढच्या खेपेला कमी कापीन मी." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "घर चांगलं बांधलंस बाबा, पण गल्ली चुकलास."

मला कळलं नाही. कसलं घर?

"काज म्हणजे घर," मास्तर म्हणाला. "माझ्या आज्याला पोर्तुगीज यायची. त्यांच्यात घराला कासा म्हणतात. बटणाचं घर, कासा. ते आले, त्यांचे अंगरखे आले, बटणं आली, आणि तुमच्या शिंप्यांनी कासाचं काज केलं. आमचे पुष्कळ शब्द तुमच्याकडं राहिलेत. इस्त्री आमची. चावी आमची. पगारसुद्धा आमचा."

"पगार घेऊन जा परत," मी म्हटलं. "तसाही बंद आहे." पहिल्यांदा गाळ्यात सगळे माझ्यावर नाही, माझ्या बोलण्यावर हसले. शालनसुद्धा हसली. मग तिनं मास्तरला विचारलं, "घर म्हंजी, बटण रातीला तिथंच राहतं व्हय?"

"दिवसा राहतं गं बाई. रातीला तुझा नवरा शर्ट काढतो ना."

ती पदरात तोंड घालून हसली, पण शेठनं टेबलावर थाप मारली. पोरींचा माल आता कमी पडणार होता. शाळा उघडायच्या आत तेवढाच दुसरा हवा, नाहीतर पुढच्या सीझनला तुमच्याकडं गठ्ठा येणार नाही, असं त्यानं साफ सांगितलं. पगार बंद असलेल्या घरात तो गठ्ठा म्हणजे काय होता ते मी वेगळं सांगत नाही. शालन म्हणाली, "देते." मला विचारलंसुद्धा नाही.

आता या वयात, रिकामा वेळ पुष्कळ असल्यामुळं, मी त्या शब्दाचा विचार करत बसतो. मला आधी वाटायचं, काज म्हणजे कामकाजातलंच काज. बायकांच्या मागं लागलेलं आणखी एक काम, म्हणून काज. नातीनं मोबाईलवर शोधून सांगितलं की ते काज कार्यापासून आलंय, हे वेगळं. दोन शब्द दिसायला जुळे, आईबाप निराळे. आमच्या जुन्या लोकांच्या बंडीला बटण नव्हतंच, बंद होते. बंद बांधायचे, त्याला घर कशाला लागतंय? उल्हासनगरात दोऱ्याचं दुकान होतं, त्याचा गुजराती मालक गाज म्हणायचा, गाज-बटण. मला वाटायचं हा बोबडा आहे. आता कळतं की त्याच्या मुलखातल्या शिंप्यांनीही कासाच ऐकलं असणार, त्यांच्या जिभेवर त्याचं गाज झालं. हिंदीवाला काज म्हणतो. इंग्रजानं सरळ होल म्हटलं, भोक. एकाच चिरेकडं बघून एकाला घर दिसलं आणि एकाला भोक. मला त्या उन्हाळ्यात भोकच दिसत होतं. शालनला काय दिसत होतं ते मी विचारलं नाही.

शब्दाचा माग निघतो. कुठल्या बंदरावर उतरला, कुणाच्या तोंडात वळला, सगळं कुणीतरी सांगतं. लाज कुठून आली त्याचा माग असा निघत नाही. बापाकडून आली म्हणावं, तर बापाला ओझ्याची चीड होती, कामाची नव्हती. त्यानं एक सांगितलं, मी दुसरंच ऐकलं आणि त्याच्या नावावर खपवलं.

शालन गेल्यावर विहारात शोकसभा झाली. माईकवर मुलानं तिची माहिती सांगितली. जन्म अमुक गावचा, स्वभाव मायाळू, गृहिणी होत्या. मी पुढच्या खुर्चीत बसलो होतो. उठून सांगावंसं वाटलं की बाबा, ती कारागीर होती, या भागातल्या अर्ध्या पोरांची बटणं तिच्या हातच्या काजात बसली. पोराचा काय दोष? त्याला आठवतात त्या आंब्याचे हात हुंगणाऱ्या आईच्या गमती. तिच्या कामाला नाव असतं हे त्याला सांगायचं काम माझं होतं, आणि आमच्या घरात तो शब्द मी कधी मोठ्यानं उच्चारलाच नाही. माईक माझ्यापासून चार हातांवर होता. मी बसूनच राहिलो.

तर तो गठ्ठा. आता दार उघडं ठेवायचं, मला उजेड लागतो, असं तिनं घरी आल्याआल्या सांगून टाकलं. आणि मला म्हणाली, "चीर येतीय तर टाका बी यील. बसा." तिनं माझा हात धरून शिकवलं. माझ्या बोटांना लोखंडाची सवय. दोरा तुटायचा, गाठ जाड यायची. "हळू वढा की, काय इंजान वढताय का?" दोन-तीन दिवसांत काज ओळखण्याइतकं झालं. आठवड्यात तर माझं कुठलं आणि तिचं कुठलं हे तिलाच निरखून बघावं लागायचं. ती चळतीच्या त्या बाजूला, मी या बाजूला. बोलणं थोडं. सुई कापडातून जाते तेव्हा टक् असा बारीक आवाज येतो, दोघांचे आवाज कधी मागं-पुढं पडायचे, कधी एकदम. तसे दिवस पुन्हा आले नाहीत. पण तेव्हाही मी कुठं बसायचो? कपाटाच्या आडोशाला. दार उघडं होतं, पण ओट्यावरून जाणाऱ्याला शालन दिसायची, मी दिसायचो नाही. मी जागा तशी मोजूनमापूनच निवडली होती. तिला ते कळलं नसेल? मेणबत्ती मात्र ती दर वेळी कपाटाकडं सरकवायची, उजेड कमी पडत असेल म्हणून.

माल पुरा झाला. त्या सकाळी मी गठ्ठा खांद्यावर घेतला आणि सवयीनं नाल्याकडं वळलो. शालन उभी राहिली.

"तिकडनं कुठं? शेठ वाट बघतोय. गेटावरनं चला."

"गेटावर माणसं असतील."

"असू द्या की. मानसंच हायेत, वाघ न्हाईत."

ती पुढं चालायला लागली. मी मागं. कंपनीच्या भिंतीला लागूनच रस्ता, मग मांडव. चहाची वेळ, सगळे तिथंच. मान खाली घालून निघून जाऊ म्हटलं, पण एवढा पांढरा गठ्ठा खांद्यावर असला की मान खाली घालून काही होत नाही. कुणीतरी हाक मारली.

"काय रे, आहेस कुठं? आणि ओझं कसलं? गाव सोडून चाललास काय?"

सगळी तोंडं वळली. मेव्हण्याचं दुकान जिभेवर तयार होतं. शालन चार पावलं पुढं जाऊन थांबली होती, पाठमोरी. ती वळून बघत नव्हती.

"काजं आहेत," मी म्हटलं. "शाळेच्या शर्टांची. हिनं केलीत. उल्हासनगरला द्यायचीत."

मी हसण्याची वाट बघत उभा राहिलो.

माझ्या शेजारच्या लेथवर मुरुगन म्हणून एक जण होता, मद्रासकडचा. तो उठून आला. "काजा?" तो म्हणाला. त्यांच्यात काजा म्हणतात. "अरे, मेरा बाप जिंदगीभर काजा करता था. टेलर की दुकान के बाहर बैठके. अच्छा काम है, आँख जाती है लेकिन." आणि त्यानं गठ्ठा खालून हात लावून माझ्या खांद्यावर नीट बसवून दिला. मागं एक जण चहा पीत होता, तो सहज म्हणाला, "माझी पण करते. मीच सुया ओवून देतो सगळ्या, सकाळी उठून. यंदा पोरींचा माल जास्त आलाय ना?"

"हो," मी म्हटलं, "जास्त आलाय."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मग मी म्हणालो असतो, बघ शालन, मी म्हणत होतो ना? पण ते पुन्हा पत्त्यांकडं वळले. मी ज्यांच्यापासून सगळा उन्हाळा लपत नाल्याकाठानं फिरलो, त्यांच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या भीतीला मांडवातला एक माणूससुद्धा मिळाला नाही. ती सगळी माझ्या एकट्याचीच निघाली.

आम्ही चालायला लागलो. रस्ता उल्हासनगरकडं वळतो तिथं सावली होती. शालननं पाऊल हळू केलं, मी बरोबरीला येईपर्यंत.

"निम्मी तुमची हायेत की त्यातली," ती म्हणाली.

रागानं नाही. भाजी निवडता निवडता बाई बोलते, तसं. मी गठ्ठा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. काही बोलायला हवं होतं. ती थोडा वेळ उत्तराची वाट बघत माझ्या बरोबरीनं चालली. मग पुढं गेली.